वडलांचे ठोके मागंपुढं पडायलेत, गोळी बंद केली तर चालंल का?

वडील ६८ वर्षांचे, परभणीजवळ खेड्यात राहतेत. मागच्या महिन्यात धडधड अन् दम लागायला म्हणून ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन निघालं, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू केली. आता बरं वाटायलंय तर म्हणतेत गोळी कशाला, अन् आईनं मेथी, पालक सगळंच बंद करून टाकलं.

उत्तर : अजिबात बंद करू नका भाऊ. ह्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतेत, मग रक्त साचून गाठ होते अन् ती मेंदूत गेली की लकवा. धडधड थांबली म्हणून गाठीचा धोका जात नाही, गोळी त्याच्यासाठीच हाय.

उत्तर : भाजी बंद नका करू, फक्त दर आठवड्याला साधारण सारखीच खाऊ द्या, एकदम कमीजास्त झाली की भाजीतल्या व्हिटॅमिन के मुळं आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) हलतो (बहुतेकांना २ ते ३ ठेवायचा असतो). आमच्या मामांनी वॉरफरिन चालू असतानाच गुडघ्यासाठी मेडिकलवरून मनानंच दुखण्याची गोळी आणून खाल्ली, पोटात रक्तस्राव होऊन काळी शी व्हायली अन् रातोरात लातूरला न्यावं लागलं, तेवढं सांभाळा.

उत्तर : सारखं रक्त तपासायला जमत नसंल तर डॉक्टरला अपिक्साबानबद्दल (रक्त पातळ ठेवायचीच दुसरी गोळी) विचारा, तिला आयएनआर लागत नाही. पण धातूची झडप बसवलेली असंल तर ती चालत नाही.

प्रश्नकर्ता : झडप नाही बसवलेली. सोमवारी विचारतो, अन् आईला आजच फोन लावतो मेथीचं सांगायला 😄