जुन्या बसचे खालचे पत्रे बदलायचेत: वरून नवा ठोकू की सगळं उघडू?

रत्नागिरीकर_३२सीटर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ ची ३२ सीटर बस आहे, लग्नाची वऱ्हाडं, गणपतीला चाकरमानी असं काम चालतं. गेल्या महिन्यात घाटात एका वळणावर डावी बाजू कठड्याला घासली, मागच्या चाकाच्या पुढचे खालचे दोन पत्रे फाटले. चाकामागचा तर आधीपासूनच फुगलाय, रंगाचे पोपडे निघतात आणि खाली पांढरी पावडर पडते. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, आत सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा.
एक पत्रेवाला म्हणतो जुना काढायची गरजच नाही, ठोकून सपाट करू, वरून नवा पत्रा पॉप रिव्हेटनं (बाहेरच्या बाजूनंच ओढून बसतो तो) मारू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो उघडून आत बघितल्याशिवाय आकडाच सांगणार नाही. पुढच्या महिन्यात पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आहे. गाडी वडिलांनी घेतलेली, विकायची नाही, अजून पाच वर्षं तरी चालवायची आहे. काय करू? आणि जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा मारला तर चालेल का, स्वस्त पडतो म्हणून विचारतोय.

वर्कशॉपकाका
दुसऱ्याकडे जा. मी एसटीच्या वर्कशॉपला बॉडी सेक्शनमध्ये २८ वर्षं काढली, वरून पत्रा मारलेल्या गाड्या उघडल्यावर आतून काय निघतं ते या हातांनी काढलंय.
ती पांढरी पावडर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातंय. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये पाणी, त्यातून तुमच्याकडचं खारं, आलं की अ‍ॅल्युमिनियम सडतं, लोखंडही गंजून फुगतं आणि फुगलं की पत्र्याला बाहेर ढकलतं. म्हणून तुमचा पत्रा फुगलाय, धक्क्यानं नाही. त्यावर नवा पत्रा मारला तर ओल दोन पत्र्यांत कोंडून राहणार आणि सांगाडा आतल्या आत जाणार. पत्रा ही फक्त कातडी आहे हो, गाडी उभी आहे ती पाइपांवर.
आधी त्या बाजूच्या सीटा, आतलं रेक्झिन, फोम, वायरिंग सगळं बाजूला घ्या. रिव्हेट काढताना ड्रिलनं फक्त डोकं उडवा, खोल गेलात तर पाइपचं भोक मोठं होतं आणि नवा रिव्हेट धरत नाही. मग पाइपांची खालची टोकं स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा, चिखल तिथेच साचतो. टोक आत गेलं तर तेवढा तुकडा कापून त्याच मापाचा नवा पाइप वेल्ड करायचा, वर पुट्टी भरून चालणार नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा, डिझेलची टाकी कुठे आहे बघा, पाण्याची बादली जवळ हवी. सगळं वेल्डिंग संपल्यावरच पाइपांना रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्रायमर) आणि त्यानंतर पत्रा.
जुना पत्रा भंगारात देऊ नका, नवा कापायला तोच फर्मा, म्हणजे मापाचा नमुना. नवीन पत्र्याच्या आतल्या बाजूलाही प्रायमर पाहिजे (अ‍ॅल्युमिनियमला एच, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन पकड घेणारा प्रायमर, रेड ऑक्साइड त्याला धरत नाही), आणि पाइप-पत्र्याच्या मध्ये रबरी पट्टी टाका.

डेंटर_सोलापूर
काकांचं सगळं बरोबर, फक्त रबरी पट्टी नको असं माझं मत. पट्टीच्या कडेला पाणी अडकून राहतं, मी आता पीयू सीलंटची (वाळल्यावर रबरासारखा होणारा चिकट मसाला) सलग रेघ मारतो.
रिव्हेटचं सांगतो, बहुतेक लोक इथेच घाई करतात. पत्रा लावताना आधी मधून सुरुवात करा, दर चौथ्या भोकात तात्पुरता नट-बोल्ट घालून पत्रा बसवून बघा आणि मग रिव्हेट मारत कडेकडे या, एका टोकापासून सुरू केलं तर शेवटी पत्र्याला पोट येतंच. ४.८ एमएमच्या रिव्हेटला ४.९ किंवा फार तर ५ चं भोक, कडेपासून निदान १० एमएम आत. चौकोनी पाइपला मागून डॉली (रिव्हेट ठोकताना आधाराला धरायचा लोखंडी ठोकळा) धरता येत नाही म्हणून तिथे पॉपच, पण साध्या पॉपची आतली खिळी लोखंडी असते, ती आत राहून गंजते आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगावर तपकिरी ओघळ येतात. बंद तोंडाचे मागा, अ‍ॅल्युमिनियमच्या खिळीचे. वरचा पत्रा खालच्यावर आणि पुढचा मागच्यावर चढवायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही.
जीआय चालतो, पण तेवढ्याच जाडीला जवळजवळ तिप्पट वजन, आणि जिथे कापाल, वेल्ड माराल तिथला जस्ताचा थर जातो, समुद्राजवळ गंज तिथूनच सुरू होणार. शिवाय जीआय वेल्ड करताना धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, माझ्या पोरांना आलाय, वारा खेळता ठेवा. मी तर अ‍ॅल्युमिनियमच मारीन.

रत्नागिरीकर_३२सीटर
काका, दादा, खूप आभार. रविवारी उघडलं. चाकामागच्या दोन उभ्या पाइपांची खालची वीतभर टोकं हातात आली, अक्षरशः चुरा. खालच्या आडव्या पाइपाची पाणी जायची भोकं चिखलानं गच्च, आत अजून ओलं होतं. वरून पत्रा मारला असता तर याच्यावर माणसं बसवून फिरवत राहिलो असतो, विचार करूनच कसंतरी झालं. दोन्ही पाइप बदलतोय, पत्रा अ‍ॅल्युमिनियमच. पासिंगला काही अडचण येईल का?

पासिंगवाला_नगर
होतं तसंच परत केलं तर ती दुरुस्ती झाली. खिडकीचं माप, इमर्जन्सी दरवाजा, सीटांची संख्या यातलं काही बदलू नका, ते बदललं की मग परवानगीचं लफडं. बाजूच्या रिफ्लेक्टर पट्ट्या नवीन लावा, रंगकामात त्या हमखास राहतात आणि गाडी परत पाठवतात. ८ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, तेव्हा कामाचे फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

वर्कशॉपकाका
सीलंटचं दादांचं पटलं, तसंच करा. पण पाणी जायची भोकं सीलंटनं बुजवू नका, नवीन पाइपाला खालून दोन भोकं पाडा. आणि चाकामागचा तो एक पत्रा रिव्हेट न करता स्टीलच्या बोल्टवर घ्या, गंजत नाही तसल्या, खाली प्लास्टिकचा वॉशर टाकून. दिवाळीच्या सुमारास पाऊस संपला की खोलायचा, आतला चिखल पाण्यानं धुवायचा, दोन दिवस वाळू द्यायचं आणि परत लावायचा.