चौथा दिवस, डायपरमध्ये विटकरी डाग. दूध पुरतंय का?

नवखी
मुलगी, आज 4 दिवस पूर्ण. काल घरी आलो. पूर्ण दिवसांची, नॉर्मल डिलिव्हरी. जन्माचं वजन 3.1 किलो, घरी सोडताना 2.9. फक्त अंगावरचं दूध चालू आहे. गेल्या 24 तासांत 3 वेळा शू झाली, त्यातल्या एका डायपरमध्ये विटेच्या भुकटीसारखा केशरी डाग होता. शी आधी काळी होती, कालपासून हिरवट, दिवसातून दोनदा. दिवसा सलग 4-5 तास झोपते. उठवलं तर दोन मिनिटं ओढून परत डोळे मिटते. रात्री 10 ते 2 मात्र दर अर्ध्या-पाऊण तासाला हवं असतं. डाव्या बाजूला पाजताना शेवटपर्यंत दुखतं आणि सुटल्यावर निपल एका बाजूने चेपलेलं, तिरकं दिसतं. चेहरा जरा पिवळा वाटतो. घरचे म्हणतात दूध कमी आहे, वरचं सुरू करा. डॉक्टरांनी परवा बोलावलंय. दूध पुरतंय की नाही हे घरी नेमकं कसं ओळखायचं? परवापर्यंत थांबलं तर चालेल?

सूतिका_नर्स
परवापर्यंत थांबू नका. उद्या सकाळीच वजन आणि कावीळ दोन्ही बघून घ्या. घाबरून जाण्यासारखं यात काही नाही, पण तुम्ही लिहिलेल्या बहुतेक गोष्टींचं मूळ एकच दिसतंय. डावीकडे तोंडाची पकड चुकतेय आणि दिवसभराच्या झोपेत बाळाच्या पिण्याच्या दोन-तीन वेळा बुडताहेत.

दूध किती गेलं हे दिसत नाही, बाहेर किती आलं ते दिसतं. म्हणून डायपर मोजायचे. पहिल्या दिवशी निदान 1 शू, दुसऱ्या दिवशी 2, तिसऱ्या दिवशी 3, चौथ्या दिवशी 4, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून 24 तासांत 6 किंवा जास्त. तुमची संख्या एकाने मागे आहे. ओला डायपर हाताला किती जड लागतो याचा अंदाज नसेल तर कोरड्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण 45 मिली पाणी ओतून हातात तोलून बघा. पाचव्या दिवसानंतरची शू साधारण तेवढी भरते. जेलच्या डायपरमध्ये थोडी शू झालेली कळतच नाही, त्यामुळे हे दोन-तीन दिवस सुती लंगोट वापरा किंवा आत कापसाचा बोळा ठेवा.

केशरी डाग हे युरेटचे, म्हणजे शूतल्या क्षाराचे, बारीक कण असतात. शू दाट असली की दिसतात. पहिले दोन-तीन दिवस त्यांचं काही वाटून घेऊ नका, पण चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसले तर दूध कमी जातंय असं धरून चालायचं. मुलगी आहे म्हणून एक फरक ओळखून ठेवा. युरेट कापडावर वर बसतं, वाळल्यावर भुकटीसारखं झटकता येतं. पहिल्या आठवड्यात मुलींना योनीतून पांढरा चिकट स्राव आणि त्यात रक्ताची रेघ येऊ शकते. ते आईच्या हार्मोन्समुळे होतं, आपोआप थांबतं, आणि ते चिकट असतं, कापडात मुरतं.

शीचा प्रवास काळी डांबरासारखी, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी, पातळ, बारीक कण असलेली, दिवसातून 3-4 वेळा. तुमची हिरवट आहे म्हणजे गाडी पुढे सरकतेय. पाचव्या दिवशीही काळीच राहिली असती तर गोष्ट वेगळी.

वजन 6.5 टक्क्यांच्या आसपास उतरलंय. पहिल्या दिवसांत 7 टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं आहे, 10 टक्क्यांकडे गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ हवी आणि 10 ते 14 दिवसांत जन्माचं वजन भरून निघायला हवं.

कशावरून ठरवायचं नाही तेही लिहिते, कारण घरोघरी वरचं दूध यावरूनच सुरू होतं. स्तन मऊ लागणं, पंपाने थोडंच निघणं, पाजून झाल्यावर रडणं, आणि बाटली दिली की गटागटा पिणं. पोट भरलेलं बाळही तोंडात बाटलीचं निपल आलं की ओढतं, ती त्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. रात्री 10 ते 2 चं सारखं मागणंही दूध कमी असल्याचा पुरावा नाही. रात्री प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) जास्त असतं, आणि बाळ वारंवार ओढतं म्हणूनच दूध वाढतं.

पकड_आधी
डाव्या बाजूबद्दल. पहिल्या अर्ध्या मिनिटात चमक येऊन गेली तर चालतं. शेवटपर्यंत दुखत असेल आणि निपल तिरकं होऊन बाहेर येत असेल, तर बाळाने फक्त टोक धरलंय आणि ते तोंडातल्या टाळूच्या कडक भागावर घासलं जातंय. यात बाळ कष्ट करतं, दूध मात्र थोडंच मिळतं, म्हणून दोन मिनिटांत दमून झोपतं. ही झोप पोट भरल्याची नव्हे.

असं करून बघा. पाठीला टेकून आरामात, जरा मागे रेलून बसा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत. मान वळवून प्यावं लागत असेल तर गिळता येत नाही (तुम्हीच मान खांद्याकडे वळवून घोटभर पाणी पिऊन बघा). बाळाचं नाक निपलच्या समोर ठेवा, तोंड नाही. निपलने वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि जांभईएवढा मोठा आ होईपर्यंत थांबा. हा थांबण्याचा भाग सगळे घाईत सोडतात. आ झाला की खांद्यामागून हाताने बाळाला पटकन जवळ घ्या, हनुवटी आधी टेकली पाहिजे. डोकं मागून दाबू नका, दाबलं की बाळ उलट मागे ताणतं. स्तन बाळाकडे नेऊ नका, बाळाला स्तनाकडे आणा.

पकड बरोबर बसली की खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी रुतलेली, गाल गोल आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला कमी दिसतो. गालाला खळ्या पडत असतील किंवा टक-टक आवाज येत असेल तर पकड सुटतेय. तसं झालं तर ओढून काढू नका, करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मधे घाला, हवा शिरली की सुटतं. मग पुन्हा लावा, पाच वेळा लागलं तरी पाच वेळा.

आता हनुवटीकडे बघा. सुरुवातीला भराभर छोटे चोखे असतात. पान्हा आला की लय संथ होते, हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते आणि घशातून हलका श्वास सोडल्यासारखा आवाज येतो. तो थांबा म्हणजे घोट. चोखणं चालू पण घोट बंद, असं झालं की स्तन मुठीत धरून हळू दाबा, दहा सेकंद तसाच धरा, सोडा. घोट परत सुरू होतात. त्यानेही थांबले तर दुसरी बाजू.

आणि दिवसा उठवाच. जन्माचं वजन भरून येईपर्यंत एका पाजण्याच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत 3 तासांच्या वर अंतर नको, 24 तासांत 8 ते 12 वेळा. गाढ झोपेत असताना उठत नाही, पापण्यांखाली डोळे फिरायला लागले किंवा ओठ हलले की ती वेळ साधा. दुपटं सोडा, डायपर बदला, तळव्यावर अंगठा फिरवा, उघड्या अंगाने छातीवर घ्या. तोंड चाळवणं, हात तोंडाकडे नेणं, मान वळवून शोधणं या भुकेच्या पहिल्या खुणा आहेत. रडणं ही शेवटची, आणि रडणाऱ्या बाळाला नीट पकड घेता येत नाही.

निळा_दिवा
पिवळेपणा: दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ कपाळ, छाती, पोट, मांडी असं क्रमाने बोटाने दाबून सोडा आणि रंग बघा. कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरते. सावळ्या त्वचेवर कळत नाही, तिथे हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त आणि दोन आठवड्यांत ओसरते, हे बहुतेक बाळांत होतं. मात्र डोळ्यांनी आकडा कळत नाही, म्हणून उद्या त्वचेवरच्या यंत्राने किंवा रक्तातून बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) मोजून घ्या. आकडा बाळाच्या वयाच्या तासांनुसार वाचतात, तेव्हा जन्माची वेळ सांगा.

दूध आणि कावीळ यांचं थेट नातं आहे. बिलिरुबिन शीतून बाहेर पडतं. दूध कमी गेलं की शी कमी, आणि आतड्यात थांबलेलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. मग बाळ आणखी सुस्त होतं, आणखी कमी पितं. म्हणून "शांत आहे, झोपू दे" हे चौथ्या दिवशी महागात पडू शकतं. उन्हात धरणं हा इलाज नाही. गरज असेल तर ठराविक निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. उन्हात तो प्रकाश मोजून देता येत नाही, बाळ भाजतं किंवा उघडं राहून गारठतं.

लगेच निघायचं ते असं: तळहात-तळवे पिवळे, पाजायला उठतच नाही, चिरक्या आवाजात रडणं, अंग धनुष्यासारखं मागे ताणणं. शी पांढरट, मातकट आणि शू गडद पिवळी असेल तर कितव्याही दिवशी दाखवा, तो यकृताचा प्रश्न असू शकतो.

नवखी
खूप आभार. सकाळी जाऊन आलो. वजन 2.87, कावीळ मोजली, दिव्याची गरज नाही म्हणाले, उद्या परत बोलावलंय. करंगळीची युक्ती आणि नाक समोर ठेवणं लागू पडलं, डावीकडचं दुखणं निम्म्यावर आलंय. डॉक्टर म्हणाले पाजून झाल्यावर काढलेलं दूध वर द्या. हाताने कसं काढू? पंप नाहीये.

पकड_आधी
2.87 म्हणजे साधारण 7.4 टक्के, हातातली गोष्ट आहे. वजनकाटे एकमेकांशी जुळत नाहीत, 30 ग्रॅमचा फरक काट्याचाही असू शकतो. उद्या त्याच काट्यावर, कपडे आणि डायपर काढून करा.

या दिवसांत पंपापेक्षा हात बरा. हात धुवा, स्तन दोन मिनिटं हलकेच चोळा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, निपलपासून 2 ते 3 सेंटीमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घसरली तर जळजळ होते आणि दूधही येत नाही. पहिलं मिनिटभर काही येणार नाही, लय सोडू नका. थेंब आटले की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी फिरवून दुसरी जागा धरा. प्रत्येक बाजूला 5 मिनिटं, मग परत एक फेरी. 10-15 मिली निघालं तरी ते बाळाच्या एका वेळेचा मोठा भाग आहे, कारण या वयाला संपूर्ण एक वेळ 30 ते 60 मिलीची असते.

देताना बाळ जागं आणि बसतं धरा, छोट्या वाटीची कड खालच्या ओठावर टेकवा, दूध फक्त ओठाला लागू द्या. बाळ जिभेने ओढून घेतं. तोंडात ओतू नका, ठसका लागतो. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला 4 तास टिकतं, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला 4 दिवस.

सूतिका_नर्स
छान. बाकीचं थोडक्यात. झोपवायचं पाठीवर, प्रत्येक वेळी, सपाट कडक गादीवर, उशी-रजई-खेळणं काही नको, तुमच्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर. सोफ्यावर बाळ कुशीत घेऊन डुलकी लागणं सर्वांत धोक्याचं, रात्री दमलेल्या माणसाने सोफ्यावर बसून पाजूच नये. नाळ कोरडी आणि उघडी ठेवा, डायपर तिच्या खाली दुमडा, काही लावू नका. साधारण 5 ते 15 दिवसांत पडते. पडताना रक्ताचा थेंब चालतो, भोवतीची कातडी लाल होत पसरली तर नाही चालत.

काखेतलं तापमान 36.5 ते 37.5 सेल्सियस हवं. थर्मामीटरचं टोक काखेच्या मध्यावर, कोरड्या कातडीवर, आणि वाजेपर्यंत दंड अंगाला धरून ठेवा. जास्त आलं तर आधी कपड्यांचा एक थर काढा, 15-20 मिनिटांनी परत बघा. 38 (100.4 फॅरनहाइट) आलं तर औषध न देता थेट दवाखाना, अगदी मध्यरात्रीही. थंड लागलं तर उघड्या अंगाने छातीवर, वरून पांघरूण. तरीही 36.5 च्या वर येत नसेल तर दाखवायला न्या. श्वास पूर्ण मिनिट मोजा. 5-10 सेकंद थांबून परत सुरू होणं नेहमीचं, मिनिटाला 60 च्या वर टिकून राहणं किंवा बरगड्यांखाली खड्डा पडणं मात्र नेहमीचं नाही. हिरवी उलटी झाली तर वाट बघायची नाही.

आणि तुमच्या तब्येतीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: तासाभरात एक मोठा पॅड पूर्ण भिजला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, एका पोटरीत दुखून सूज आली किंवा ताप आला, तर बाळाला सोबत घेऊन त्याच क्षणी निघा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढे टिकलं तर डॉक्टरांना सांगा, तो आजार आहे आणि बरा होतो.

नवखी
वजन 2.91! शू 6, शी पिवळी. व्हिटॅमिन डीचे थेंब दिलेत, चिठ्ठीवर फक्त "रोज 400 युनिट" लिहिलंय. किती द्यायचे?

निळा_दिवा
बाटलीवर वाचा, सगळ्या सारख्या नसतात. 1 मिलीत 400 युनिट असेल तर पूर्ण 1 मिली, 800 असेल तर अर्धा, आणि काही बाटल्यांत एका थेंबातच 400 असतात. त्या थेंबवाल्या औषधाचा पूर्ण ड्रॉपर दिला की डोस कित्येक पट होतो, चूक तिथेच होते. बाटलीसोबत आलेलाच ड्रॉपर वापरा, गालाच्या आतल्या बाजूला हळू सोडा, घशात नाही. बाटली बदलली की पुन्हा वाचा.