दर सोमवारी कॉम्प्युटर विंडोजपर्यंत पोहोचत नाही, फॉरमॅट करावा का?

अक्षरजुळणी (मिरज):
नमस्कार. माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या स्मरणिका अशी कामं असतात. जुना असेंबल्ड डेस्कटॉप, विंडोज ७, त्यात पेजमेकर आणि श्रीलिपी. मागच्या सोमवारी चालू केला तर काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम' असं काहीतरी आलं आणि एफ१ दाबायला सांगितलं. दाबल्यावर विंडोजचं चिन्ह दिसतं, निळा पडदा क्षणभर चमकतो आणि परत पहिल्यापासून. स्टार्टअप रिपेअर बराच वेळ फिरून 'दुरुस्त होत नाही' म्हणतं.

शेजारच्या मुलाने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, काहीतरी बदललं आणि आठवडाभर नीट चाललं. आज पुन्हा तेच. तो मुलगा आता पुण्याला गेलाय. दुरुस्तीवाले म्हणतात विंडोज उडालंय, फॉरमॅट मारू. पण दिवाळीपासूनच्या सगळ्या पत्रिका त्यातच आहेत. शनिवारी रात्री मी मेन स्विच बंद करून जाते, एरवी नुसतं शटडाउन करते. याचा काही संबंध असेल का?

रानवारा:
रॅम काढून खोडरबराने घासा आणि परत बसवा. आमच्याकडे नेहमी याने होतं.

सोल्डर (नाशिक):
ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. संबंध आहेच, आणि तुम्ही तो स्वतःच शोधलाय.

रॅमचं म्हणाल तर ती बिघडली की बहुतेक वेळा पडदा काळाच राहतो किंवा बीप वाजते. तुमचं मशीन विंडोजच्या चिन्हापर्यंत जातंय, म्हणून रॅमला आत्ता हात लावू नका.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. बायोसमधली तारीख आणि सेटिंग त्याच्या जिवावर टिकतात. नुसतं शटडाउन केलं आणि भिंतीवरचं बटण चालू असलं, तर एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून, थोडी वीज मिळत राहते आणि संपलेला सेल झाकला जातो. शनिवारी मेन स्विच बंद झाला की ती वीजही जाते आणि बायोस मूळ सेटिंगवर येतं. जुन्या मदरबोर्डांवर तेव्हा साटा मोड, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत, बऱ्याचदा एएचसीआय या नव्या पद्धतीवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर जातो. तुमचं विंडोज एएचसीआयवर टाकलेलं असेल तर त्याला स्वतःचीच हार्ड डिस्क सापडत नाही.

खात्री करून घ्या. चालू होताना एफ८ दाबत राहा, यादीतून 'ऑटोमॅटिक रीस्टार्ट बंद' निवडा. निळा पडदा थांबेल, त्यावरचा कोड इथे लिहा. बायोसमधली तारीखही बघा.

अक्षरजुळणी (मिरज):
कोडच्या शेवटी ७बी आहे. तारीख १ जानेवारी २०१०!

सोल्डर (नाशिक):
मग हेच. ७बी म्हणजे विंडोजला बूटची डिस्क मिळत नाहीये.

शटडाउन करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेट उघडून आधी त्याच्या पत्र्याला हात लावा, अंगातला स्टॅटिक निघून जातो. सेलच्या कडेची छोटी पट्टी बाजूला ढकला, सेल वर येतो. नवा घालताना अधिकची बाजू, म्हणजे अक्षरं असलेली, वर ठेवा. हा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

नंतर बायोसमध्ये तारीख-वेळ लावा, साटा मोड एएचसीआय करा, एफ१० ने सेव्ह करा. आयडीई आणि एएचसीआय यांच्यात बदल केल्याने फाइली जात नाहीत, निर्धास्त राहा. रेड असा पर्याय दिसेल, त्याला मात्र हात लावू नका.

फॉरमॅट केलं असतं तर विंडोज आयडीईवर बसलं असतं आणि दुखणं बरं झाल्यासारखं वाटलं असतं. पण दर रविवारनंतर तारीख मागे गेलीच असती, आणि चुकलेल्या तारखेवर बँकेची साइटसुद्धा सर्टिफिकेटची तक्रार करते. शिवाय तुमच्या पत्रिका गेल्या असत्या त्या वेगळ्याच. लोकांचं वर्षानुवर्षांचं काम असं एका सेलपायी पुसलं जातं, याचा मला खरंच राग येतो.

अक्षरजुळणी (मिरज):
दादा, चालू झालं! सेल बदलला, एएचसीआय केलं. मुद्दाम मेन स्विच रात्रभर बंद ठेवला, सकाळी तारीख बरोबर. श्रीलिपीही उघडली. मनापासून आभार.

सोल्डर (नाशिक):
छान. आता आजच सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, फॉन्टसकट. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत, तेव्हा बँकेचं काम या मशीनवर नको, मोबाइलवर करा.