मदत हवी आहे: गाडीतल्या १२ इंची सबचा (सबवूफर, खालच्या सुरांचा स्पीकर) बॉक्स चुकलाय, पोर्ट (हवा आतबाहेर करणारी नळी) लांबवू की बुजवून टाकू?

मंडळी, मापं मीच दिली होती, त्यामुळे सुताराला बोल लावायची सोय नाही. डिकीत ठेवायला १८ मिमी एमडीएफचा पोर्टवाला बॉक्स करून घेतला, ६० × ४० × ३५ सेंमी. गुणाकार केला, ८४ लिटर आले. तेवढ्या हवेला ३२ हर्ट्झचं ट्यूनिंग (ज्या सुराला पोर्टमधली हवा घुमते तो) धरून १० सेंमी व्यासाचा पोर्ट २० सेंमी लांब कापला.

आता गाणं कुठलंही लावा, बेस गिटार वर जावो नाहीतर खाली, मागून एकच घुमारा. त्या सुराला काचा थरथरतात. त्याच्या खाली उतरलं की कोन (सबचा पडदा) नुसता हापसतो, आवाज नाही.

काल पुन्हा हिशोब मांडला आणि कपाळावर हात मारला. मी बाहेरची मापं धरली होती! आतून ५६.४ × ३६.४ × ३१.४, म्हणजे साडेचौसष्ट लिटर. त्यातून सबचं धूड ३, पोर्ट २ आणि आधाराच्या पट्ट्या दीड गेल्या की उरतात ५८. तेवढ्या हवेत तोच पोर्ट ३८-३९ हर्ट्झवर बसतो.

३२ वर आणायचं तर पोर्ट सुमारे ३२ सेंमी हवा, आणि आतली खोलीच ३१.४. म्हणजे कोपर लावून वळवणं आलं. की सरळ सीलबंद करू? सबचे आकडे: एफएस (कोनचा स्वतःचा सूर) २८ हर्ट्झ, क्यूटीएस (कोन किती आवरला जातो त्याचा एकूण आकडा) ०.४८, क्यूईएस (त्यातला विजेचा भाग) ०.५२, व्हीएएस (कोनच्या टांगणीइतकीच लवचिक हवा) ६० लिटर. मला रस्ता हादरवायचा नाही, ढोल आणि बेस वेगवेगळे ऐकू आले तरी पुरे.

प्रतिसाद १
करवत काढण्याआधी पोर्टमध्ये टॉवेल घट्ट कोंबा आणि नेहमीची गाणी ऐका. सीलबंद बॉक्सची फुकट चाचणी.

एफएसला क्यूईएसने भागा, ५४ येतात. ५०च्या आसपासचा सब सीलबंदकडे झुकतो, १००च्या पुढचा पोर्टकडे. पोर्ट काढला की साधारण ६० लिटर, म्हणजे व्हीएएसइतकेच. क्यूटीसी (बंद डब्यात बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.४८ गुणिले २चं वर्गमूळ, ०.६८. सपाट प्रतिसादाच्या ०.७०७ला अगदी खेटून! चुकून का होईना, डबा चांगला जमलाय. सीलबंदचा आवाज खाली सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ने. त्यात बंद गाडी खालचे सूर आपणहून उचलते, म्हणून ही उतरण बरीचशी भरून निघते.

सबसॉनिक फिल्टर (ठरलेल्या हर्ट्झखालचे सूर कापणारा) कितीवर लावलाय?

धागाकर्ता
२८वर. ३२चं ट्यूनिंग समजून.

प्रतिसाद १
मग सब वाचला हे नशीब. ट्यूनिंगच्या खाली डब्यातली हवा कोनला धरत नाही, पोर्टमधून नुसती आतबाहेर होते. २८ ते ३८मध्ये कोन मोकाट सुटलेला. टॉवेल नसेल तेव्हा फिल्टर ३५वर ठेवा.

धागाकर्ता
टॉवेल कोंबून तासभर ऐकलं. दणका कमी झाला हे खरं, अ‍ॅम्पचा गेन थोडा वाढवावासा वाटला. पण बेसचे सूर पहिल्यांदा सुटे सुटे ऐकू आले, आणि घुमारा गायब. पोर्ट काढून भोकावर १८ मिमीचीच चकती सिलिकॉनने बसवतोय. आत पॉलिफिल (उशीत भरतात तसला कृत्रिम कापूस) भरू की राहू दे?

प्रतिसाद १
राहू दे. पॉलिफिलने डबा आहे त्याहून मोठा असल्यासारखा वागतो, आणि तुमचा आधीच पुरेसा मोठा आहे. सिलिकॉन पूर्ण वाळल्याशिवाय मात्र सब परत बसवू नका, त्याची वाफ बंद डब्यात कोंडून राहते.