वाचनालयं बंद होती तेव्हा

कोरोनाच्या टाळेबंदीत वेळच वेळ होता, वाचनाची चंगळ झाली, असं बरेच जण म्हणतात. ज्यांच्या घरी कपाटं भरलेली होती त्यांची झालीही असेल. आमच्यासारख्या वाचनालयावर पोसलेल्यांचे मात्र हाल झाले. मार्च २०२० मध्ये सोलापूरची वाचनालयं बंद झाली आणि राज्य सरकारने उघडायला परवानगी दिली ती थेट १५ ऑक्टोबरपासून.

मग गल्लीतल्या लोकांनी माळ्यावरचे जुने दिवाळी अंक बाहेर काढले. (यंत्रमाग थांबलेले, सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत, एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.) अंक पिशवीत घालून दाराला टांगायचे, घेणाऱ्याने आधी गच्चीवर उन्हात ठेवायचे, मगच वाचायला घ्यायचे. एप्रिल-मेचं सोलापुरी ऊन! मुखपृष्ठं वाकडी व्हायची, बांधणीचा डिंक सुटून पानं हातात यायची. शेजारच्या काकू ती सुईदोऱ्याने शिवून पुढे पाठवायच्या. कुणाला कोणती कथा आवडली ते समासात पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, आणि मी आधी तेच वाचायचो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफचा मात्र तेव्हाही राग यायचा, आजही येतो. दुकानं बंद, प्रकाशकांची विक्री ठप्प, आणि त्यांचीच पुस्तकं फुकट वाटली जात होती. याला वाचनप्रसार म्हणू नये.

आता वाचनालयात ओळखीचे बरेच ज्येष्ठ सभासद दिसत नाहीत. काही गेले, काहींची सवय सुटली. सोलापूरकरांपैकी कुणी वर्गणी पुन्हा सुरू केली नसेल तर कृपया करा.