१२ तारखेपर्यंत बिलं होतात, १३ ला एरर! डेटटाइम कन्व्हर्जनचा लोचा

बिलिंगवाला:
मंडळी मदत हवीय, क्लायंट डोक्यावर बसलाय. एका डिस्ट्रिब्युटरचं बिलिंग आहे, सी शार्प आणि एसक्यूएल सर्व्हर, बिलाची तारीख डेटटाइम कॉलममधे जाते. जुन्या मशीनवर कधीच कटकट नव्हती. १ मेच्या सुट्टीत नवा सर्व्हर लावला, डेटाबेस रिस्टोअर केला, लॉगिन नवीन बनवलं, २ पासून बिलं व्यवस्थित चालू आणि आज १३ तारखेला सकाळी फोन की बिल सेव्हच होत नाही. एरर अशी की व्हारचारचं (म्हणजे मजकुराचं) डेटटाइम करताना व्हॅल्यू आऊट ऑफ रेंज. कोडला हात पण लावलेला नाही. तारीख टेक्स्टबॉक्समधून '१३/०५/२०२५' अशी येते आणि इन्सर्टच्या स्ट्रिंगला जोडली जाते. विंडोजचं रीजन इंडिया करून रीस्टार्ट मारला, फरक शून्य.

जुना_डीबीए:
विंडोजच्या रीजनचा इथे काही संबंध नाही. स्ट्रिंगमधला दिवस कुठला आणि महिना कुठला हे सर्व्हर लॉगिनच्या डिफॉल्ट लँग्वेजवरून ठरवतो. जुनं लॉगिन ब्रिटिश इंग्लिशवर असणार, आणि लॉगिन काही डेटाबेसच्या बॅकअपमधून येत नाही, त्यामुळे नव्याला यूएस इंग्लिश लागलंय म्हणजे आधी महिना. आता तेरावा महिना कुठून आणणार तो? अॅपच्याच लॉगिनने शिरून डीबीसीसी यूजरऑप्शन्स ही कमांड चालव, डेटफॉर्मॅटसमोर एमडीवाय (महिना-दिवस-वर्ष) दिसेल बघ.

कोडकर:
एवढं कशाला, कनेक्शन उघडलं की सेट डेटफॉर्मॅट डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) मारायचं, विषय संपला.

जुना_डीबीए:
आज दुकान चालू करायला ठीक आहे रे, पण उद्या कोणी तिसऱ्या मशीनवर टाकलं की पुन्हा तेच रडगाणं. स्ट्रिंग जोडणं बंद कर, डेटटाइमपिकर (तारीख निवडायचा कंट्रोल) ठेव आणि त्याची व्हॅल्यू क्वेरीच्या मजकुरात न घालता सरळ पॅरामीटरमधून पाठव, मग कन्व्हर्जनचा प्रश्नच येत नाही. क्वेरीत तारीख हाताने लिहायचीच असेल तर २०२५०५१३ अशी सलग लिही. डॅशवाली २०२५-०५-१३ सेफ आहे असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात पण जुन्या डेटटाइमला डीएमवायमधे ती वर्ष-दिवस-महिना अशी वाचली जाते. डेट आणि डेटटाइम२ या नव्या टाइप्सना हा त्रास नाही.

आणि ऐक, एरर आली ते बरंच झालं म्हण. २ ते १२ ची बिलं "व्यवस्थित" नाहीयेत, ती गपचूप उलटी पडलीयत. २ मेचं बिल ५ फेब्रुवारीला, ३ मेचं ५ मार्चला म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात, १० मेचं ५ ऑक्टोबरला. बरोबर असेल तर फक्त ५ मेचं. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायच्या आत निस्तर, नाहीतर सीए तुला सोडणार नाही. दुरुस्ती तारखेवरून करू नकोस हां, कारण ५ फेब्रुवारीला खरी बिलंही झाली असणार. सर्व्हर बदलल्यानंतरचं पहिलं बिल नंबर शोध, तिथपासूनच्या बिलांना डेटफ्रॉमपार्ट्सने दिवस-महिना अदलाबदल करून अपडेट मार. आधी बॅकअप, आणि अपडेट एकदाच, दोनदा मारलंस तर परत उलटं.

बिलिंगवाला:
बापरे, खरंच ऑक्टोबरची बिलं निघाली 🙈 बिल नंबरवरून सगळी सरळ केली. डेटटाइम पॅरामीटर पण लावला, बिलं चालू झाली. पण आता डिलिव्हरीची तारीख रिकामी सोडली की एसक्यूएलडेटटाइम ओव्हरफ्लो, १७५३ च्या पुढची तारीख द्या म्हणतो. १७५३ कुठून आलं मधेच?

पुणेरी_क्वेरी:
तू काहीच दिलं नाहीस तरी डॉटनेटचा डेटटाइम रिकामा राहत नाही, १ जानेवारी ०००१ घेऊन बसतो, आणि एसक्यूएलचा डेटटाइम सुरूच होतो १ जानेवारी १७५३ पासून. ब्रिटिशांनी १७५२ च्या सप्टेंबरात कॅलेंडर बदललं तेव्हा २ तारखेनंतर थेट १४ आली, त्या भानगडीच्या मागे जायलाच नको म्हणून पुढच्या वर्षापासून सुरुवात. तू व्हेरिएबल नलेबल (रिकामं राहू शकेल असं) कर आणि नल म्हणजे रिकामं असेल तर डीबीनल (डेटाबेसचं रिकामं) पाठव, कॉलमला पण नल चालू दे. नुसती एरर घालवायला कॉलम आणि पॅरामीटर दोन्ही डेटटाइम२ करशील तर ०००१ साल मुकाट्याने सेव्ह होईल. आणि रिकामी स्ट्रिंग तर पाठवूच नकोस, तिचं १ जानेवारी १९०० होतं, एरर पण येत नाही. जुन्या डेटात १९०० वाली किती आहेत तेही बघून घे, टेक्स्टबॉक्स होता म्हणजे असणारच.