अनुभव धागा: विद्यार्थीदशेत केलेला गाण्याचा व्हिडिओ

जुनी_रीळ:
परवा रात्री उशिरा भाचीचा फोन. "मावशी, प्रोजेक्टसाठी गाण्याचा व्हिडिओ करतोय. स्लो मोशन केलं की ओठ गाण्याशी जुळतच नाहीत गं. तुम्ही कसं करायचात?" मला एकदम आमची हॉस्टेलची गच्ची आठवली.

तेव्हा फोटोच्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ घेता येतो याचंच अप्रूप होतं. युक्ती एका सीनियरने सांगितलेली. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गाणारीने त्याच वेगाने ओठ हलवायचे आणि कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर ठेवायचा. मग २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर क्लिप निम्म्या वेगाने टाकली की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस, ओढणी सगळं तरंगायला लागतं. सांगायला सोपं! मैत्रीण गच्चीवर उभी, स्पीकरमधून चिरक्या आवाजात गाणं सुसाट पळतंय, अंतऱ्यात तिला श्वास घ्यायलाही जागा नाही आणि आम्ही कॅमेऱ्यामागे तोंडात रुमाल कोंबून. दुसऱ्या दिवशी टाइमलाइनवर बघतो तर हीच बाई कशी शांत, विरहात बुडालेली. फक्त पापण्या लवल्या की त्याही निम्म्या वेगाने, त्यामुळे ऐन भावुक ओळीला ती पेंगतेय असं वाटायचं. मग पुढच्या टेकला हुकूम सुटला: ओळ संपेपर्यंत डोळे मिटायचे नाहीत. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते बघून सर म्हणाले, "अभिनय चांगला केलाय हिने."

येऊ द्या तुमचेही किस्से.

कट_मारके:
हाहाहा, पापण्या! आमची गोष्ट मैदानावरची. लांबून वाइड शॉट, पोरं पार पलीकडच्या टोकाला, स्पीकर कॅमेऱ्याशेजारी. एडिटला ओठ मागे. क्लोजअप जुळतात, वाइड जुळत नाहीत. मित्राने सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, मग कॅमेऱ्याला, मग मला. शेवटी लॅबमधले काका जाताजाता म्हणाले, "आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, शाळेत होतं ना?" स्पीकर ३४ मीटरवर असेल तर गाणं पोचायलाच सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे २५ फ्रेममधले अडीच फ्रेम गेले. तेव्हापासून स्पीकर फ्रेमबाहेर पण गाणाऱ्याच्या पायाशी. नाहीतर केसांत लपवून एक इअरफोन.

वाचनमात्र:
वाचतेय. आमच्या व्हिडिओत कुणी गातच नव्हतं, सगळे नुसते चालत होते. विचारमग्न चालणं. बाळ उठलं, बाकीचं नंतर.

कट_मारके:
@वाचनमात्र, सगळ्यांच्या पहिल्या व्हिडिओत चालणंच असतं. आणि खिडकीतून बाहेर बघणं.

टेपवाले_काका:
तुम्ही सगळे नशीबवान. आमच्याकडे मिनीडीव्ही. ६० मिनिटांची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला ६० मिनिटंच लागायची आणि तासाला जवळपास १३ जीबी खायची. कॅप्चर चालू असताना त्या मशीनला हात लावायचा नाही, नाहीतर फ्रेम गळायच्या. मग करायचं काय? वही घेऊन बसायचं. टाइमकोड, शॉट, शेरा. 'मान वळवली, बरा.' 'मागे कुत्रं, पण कुत्रं चांगलं.' टेप संपेस्तोवर सगळे शॉट पाठ. आता मुलं कार्ड ओततात आणि थंबनेल बघून कापायला बसतात, आपलंच फुटेज धड बघत नाहीत. माझा मुलगा यात आला, तो हा धागा वाचणार नाही म्हणून लिहितोय.

ठेका_चुकला:
+१ काका, त्या कुत्र्यासाठी. ते व्हिडिओत ठेवलंत का?

टेपवाले_काका:
अर्थात.

अर्धी_फ्रेम:
माझा पहिला कट मी प्रत्येक ठोक्यावर कापला होता. वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, उंच टोक दिसलं की कट. बघून डोकं दुखायचं. मॅडमनी आवाज बंद केला आणि म्हणाल्या, आता बघ. चित्राला काही अर्थच उरला नव्हता. मग मला ड्रम वाजवणाऱ्या मुलाचा शॉट लावायला सांगितला. काठी खाली आदळते तिथे मी कापत होते. त्यांनी कट मागे नेला, काठी हवेत वर थांबते तिथे. त्यामुळे ठोका पुढच्या शॉटमध्ये पडतो आणि बघणारा आपोआप ओढला जातो. एवढ्याशा फरकाने सगळं सुटं सुटं वाटणारं एकत्र आलं. मी तो तुकडा लूपवर टाकून किती वेळ बघत बसले होते! अजूनही हातवारा पूर्ण व्हायच्या आधीच कापते, सवयच लागलीय.

आणखी एक गंमत, मिनिटाला १२० ठोके असलेलं गाणं २५ फ्रेमवर घेतलं की एक ठोका येतो साडेबारा फ्रेमचा. अर्धी फ्रेम कुठून आणणार? म्हणून एक सोडून एक कट किंचित पुढेमागे. २४ फ्रेमवर तोच ठोका बरोब्बर १२. माझा आयडी कुठून आला ते कळलं असेल.

कट_मारके:
दंडवत घ्या _/\_

वाचनमात्र:
परत आले. आमच्या गटात एकाने हार्ड डिस्क घरी नेली आणि आजारी पडला. इकडे टाइमलाइन उघडली तर सगळं लालभडक, मीडिया ऑफलाइन. तेव्हा कळलं की प्रोजेक्टच्या फाइलमध्ये व्हिडिओ नसतोच, तो कुठे ठेवलाय एवढंच असतं. तो तापाने फणफणलेला आणि आम्ही फोनवर विचारतोय, बरा आहेस ना, डिस्क कुठेय?

नवखा_०७:
मी सध्या शिकतोय, म्हणून विचारतो. आम्ही फोनवर शूट केलं. गाण्याच्या सुरुवातीला ओठ जुळतात, शेवटच्या कडव्यापर्यंत घसरतात. स्पीकर जवळच होता.

अर्धी_फ्रेम:
@नवखा_०७, फोनचा फ्रेम रेट बहुतेक स्थिर नाही. फोन उजेडाप्रमाणे तो कमीजास्त करतो आणि काही एडिटरना ते झेपत नाही. एडिटआधी सगळ्या क्लिप स्थिर फ्रेम रेटला बदलून घे. आणि प्रत्येक टेकला टाळी वाजवा, तिच्यावरून आवाज आणि चित्र जुळवता येतं. लाजू नका.

नवखा_०७:
टाळी वाजवली की सगळे हसतात.

अर्धी_फ्रेम:
हसू दे. हसणं कापता येतं.

ठेका_चुकला:
@जुनी_रीळ, भाचीला आणखी एक सांगा. ट्यूबलाइटखाली ५० फ्रेमवर घेणार असेल तर शटर १/१०० सेकंदावर ठेवायला सांगा. आमच्या वर्गातल्या शूटला भिंतीवर काळे पट्टे वर सरकत होते, कॅमेरा खराब झाला म्हणून सगळे हादरलेले. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर त्याच्याशी जुळलं की पट्टे गायब. बस आली, पळतो.

जुनी_रीळ:
@ठेका_चुकला, कळवते. ती आता शूट परत करायचं म्हणतेय, पण गाणारा मुलगा म्हणतो दुप्पट वेगाने गाणार नाही. तुमची गाणारी माणसं कशी ऐकायची हो?

कट_मारके:
ऐकायची नाहीत. आम्ही ड्रमवाल्याचे शॉट वाढवले.

वाचनमात्र:
अवांतर: काका, माझ्या भावाकडे मिनीडीव्हीच्या बऱ्याच टेप पडल्यात, कॅमेरापण आहे. कॉम्प्युटरवर घेता येतील का? यूएसबी लावून बघितली, नुसते फोटो दिसतात.

टेपवाले_काका:
बऱ्याच कॅमेऱ्यांत यूएसबीतून फोटोच येतात. व्हिडिओला फायरवायरची केबल लागेल, कॅमेऱ्यावर डीव्ही लिहिलेलं छोटं छिद्र शोधा. नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसतं, जुना डेस्कटॉप मिळाला तर बरं. आणि टेप लावायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, वर्षानुवर्षं एका जागी पडून चिकटलेल्या असतात. कॅमेरा चालू होतोय ना पण?

वाचनमात्र:
चालू होतो. टेपचं झाकण उघडत नाहीये.

टेपवाले_काका:
जोर लावू नका. बॅटरी काढा, थेट चार्जरवर लावून बघा.